चंद्रावरच्या आळशी पट्ट्या

शाल्मलीचं बोट सावकाश पडलं की पियानोची पट्टी गोड बोलत होती. बोटानं घाई केली की तीच पट्टी गप्प! पृथ्वीवर छान वाजणाऱ्या वाद्याला चंद्रावर झालं तरी काय?

चंद्रावरच्या वस्तीतलं हे पहिलंच कीर्तन. सगळी वस्ती घुमटाखाली सतरंज्यांवर बसली होती. पेटी नव्हती, म्हणून शाळेच्या डिजिटल पियानोवर साथीला बारा वर्षांची शाल्मली. पूर्वरंग, म्हणजे कीर्तनातला उपदेशाचा भाग, कसाबसा पार पडला. जिथे लय वाढली तिथे सूर गिळले गेले. मागची मुलं तर चक्क खिदळली.

कीर्तनकार खांबेटेबुवा वाकून हळूच म्हणाले, "बाळ, आता मला हार घालतील, बुक्का लावतील, नामाचा गजर होईल. तेवढाच वेळ आहे तुझ्याजवळ. आख्यानात प्रल्हाद खांबासमोर उभा असताना सूर गिळलेस, तर नृसिंह बाहेर यायचा नाही! मग नाइलाजानं संगणकाची तयार साथ लावावी लागेल."

शाल्मलीनं मागे पाहिलं. तिचे शास्त्रज्ञ आजोबा पियानोचं मागचं झाकण उघडून आत डोकावत होते.

"कमाल आहे! कालच मी प्रत्येक हातोडीला शिसं चिकटवलंय," ते पुटपुटले.

"डिजिटल पियानोत हातोडी कशाला, आजोबा?"

"बोटासाठी! पट्टी ही तरफ असते (एक टोक दाबलं की दुसरं उचलणारी दांडी). पुढे तू दाबतेस, मागे छोटी हातोडी उचलली जाते. तिचा भार बोटाला जाणवतो, खऱ्या पियानोसारखा. बोट काढलं की हातोडी आपल्या वजनानं खाली पडते आणि पट्टी वर येते."

"आणि आवाज?"

"तो सेन्सरचा (हालचाल टिपणाऱ्या पहारेकऱ्यांचा) कारभार. पट्टी किती वेगानं खाली गेली ते मोजून ते आवाज लहान-मोठा करतात. पट्टी वर आलीच नसेल, तर बिचारे मोजणार काय? चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढी, म्हणून पट्ट्या हलक्या लागत होत्या. मी हातोड्या सहापट जड केल्या. आता पृथ्वीसारखं वाटतं की नाही?"

"सावकाश दाबलं तर वाटतं. जोरात दाबलं तर दगड ढकलल्यासारखं होतं, आणि पट्टी वर यायलाही उशीर लावते!"

आजोबांचा चेहरा पडला. "अरेच्चा! ते जडत्व (हलवायला गेलं की वस्तू करते तो हट्ट). ते वस्तुमानाबरोबर (वस्तूत किती द्रव्य आहे त्याबरोबर) वाढतं. तेही सहापट झालं की! पण पट्ट्या परत यायला उशीर का?"

तिकडे गजर रंगला होता. टाळ घुमत होते. भरल्या अंगाचे बुवा आनंदानं उडाले, त्याच क्षणी त्यांच्या शेजारी एक चिमुरडा उडाला. दोघं तेवढेच उंच गेले, तरंगल्यासारखे खाली आले आणि अगदी एकदमच टेकले.

शाल्मली ओरडलीच, "आजोबा, पाहिलंत? जड बुवा काही लवकर खाली आले नाहीत! हातोडी कितीही जड करा, ती इथे तितक्याच उशिरा पडणार. वजन नको. तिला कुणीतरी खाली ओढायला हवं!"

"स्प्रिंग! पण आत्ता कुठून आणू?"

शाल्मलीनं आपल्या वेणीचं रबर ओढून काढलं. "हे घ्या!"

"एका रबरानं काय होणार? इतक्या पट्ट्या!"

ती धावत बुवांकडे गेली. "बुवा, तुमचा सा काळी तीन, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीवर ना? मग आख्यान भूप रागात घ्या. त्याचे पाचही स्वर काळ्या पट्ट्यांवर येतात. तेवढ्याच दुरुस्त करायच्या!"

"अगं, मी रागमाला योजली होती, एकामागून एक वेगळे राग!" बुवांनी उघड्या पियानोकडे पाहिलं. "बरं, भूप तर भूप. शेवटची भैरवी संथ म्हणेन, तिला घाई नाही. जा! मी गजर लांबवतो."

बायका-मुलींनी भराभर केसांची रबरं काढून दिली. आजोबा शिसं खरवडायचे, शाल्मली हातोडी तिच्याखालच्या न हलणाऱ्या दांडीशी रबरानं बांधायची. एक रबर तटकन तुटलं. दुसरं बसलं. शेवटची गाठ पडली आणि गजर थांबला.

उत्तररंग, म्हणजे आख्यानाचा भाग, सुरू झाला. लय चढत गेली. हिरण्यकश्यपूनं खांबाला लाथ मारली, बुवांनी तान सोडली आणि शाल्मलीनं डोळे मिटून बोटं सोडली. प्रत्येक पट्टी दाबताच बोलली आणि लगेच बोटाखाली परत हजर झाली. एकही सूर गिळला गेला नाही. खांब फुटला, देव आला आणि घुमट टाळ्यांनी भरून गेला.

आरतीनंतर बुवा तिच्याजवळ येऊन बसले. "मंगळावरच्या वस्तीचं कीर्तनाचं बोलावणं आलंय. तिथे ओढ किती असते गं?"

"चंद्राच्या दुपटीहून थोडी जास्त. पण पृथ्वीच्या निम्मीसुद्धा नाही."

"म्हणजे रबर?"

"इथल्याहून सैल लागेल. नक्की किती, ते तिथे वाजवूनच कळेल."

"मग आईला विचारून ठेव," बुवा म्हणाले. "आणि या खेपेला रागमाला हं. पांढऱ्या पट्ट्याही तयार हव्यात."