वाटेला लागणारा वेळ

"ही 'दहा मिनिटांची रमणीय पायवाट' लिहिणारा महाभाग कोण?"

माहिती केंद्राच्या खिडकीवर आमचं पत्रक आपटत त्याने विचारलं. गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळावर घाम, आणि हातात एक लांब दांडी, तिच्या टोकाला छोट्या सायकलचं असावं तसं चाक.

"महाभाग नाही, महाभागा," मी म्हटलं. "मीच लिहिलंय."

तो क्षणभर अडखळला. मग दुप्पट चिडला. "जुन्या पाणचक्कीच्या वाटेवर एक आजी दगडावर बसल्या होत्या. चाळीस मिनिटं चालून पाय सुजलेले. हे पत्रक दाखवून मला विचारतात – बाळा, दहा मिनिटं झाली का रे?"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी लाजही वाटली. "पण... मी जाते दहा मिनिटांत."

"तुम्ही जात नसाल. तुम्ही पळत असाल."

हे मात्र खरं होतं. घरी वहिनी उठताबसता म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. आणि अशी मी, तीन वर्षं एका खिडकीत बसून होते! सात कमानींचा पूल कसा बघा, विणकरांच्या गल्लीत कधी जा, टेहळणीच्या बुरुजावरून नदीचं वळण कुठून छान दिसतं... दिवसभर लोकांना आमची दरी दाखवायची. लोक यायचे, हरखायचे, निघून जायचे. मी तिथेच. राजधानीतल्या मुख्य कार्यालयात मी गुपचूप अर्ज केला होता. पोस्टमन दिसला की मान आपोआप लांब व्हायची.

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. चिखलातला माणूस म्हणजे दरीच्या नव्या नकाशासाठी त्यांनीच बोलावलेला नकाशेवाला निघाला.

"वा! भांडण झालंच आहे तर ओळख करून द्यायला नको," साहेब म्हणाले. "दोघं मिळून सातही वाटा चाला. खरे वेळ लिहा. हंगामाआधी नकाशा छापून आला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर धुकं होतं. तो पुढे अंतर मोजायचं चाक ढकलत, मी मागे वही घेऊन.

"तुमचं चाक फार कुरकुरतं हो."

"तुमच्यापेक्षा कमीच."

मी तोंड फिरवलं, पण ओठ ऐकेनात.

तो विचित्र प्रश्न विचारायचा. पुलावर थांबून म्हणाला, "ही तिसरी कमान बाकीच्यांपेक्षा अरुंद का?" हजारदा तो पूल ओलांडला असेन मी, कमानी कधी नीट बघितल्याही नव्हत्या. मला माहीत नाही, हे सांगताना जीभ जड झाली. संध्याकाळी विणकरांच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या काकांना गाठलं. ते म्हणाले, पुरात ती कमान पडली होती, गावाने आपल्या हातांनी पुन्हा बांधली, दगड जमले तेवढीच रुंद.

सकाळी मी धापा टाकत त्याला हे सगळं सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"लिहा ना!"

"हं? हो... लिहितो."

पेन्सिल त्याच्या कानावर होती आणि तो खिशात शोधत होता.

मग वाटा लांबतच गेल्या. तो एखाद्या दारावरची नक्षी बघत थांबायचा, मी त्याला बघत. सांगायचा – तीन महिने इथे, तीन महिने तिथे. कुठल्याच गावात न्हाव्याला त्याचं डोकं पाठ झालं नाही. मला हेवा वाटायचा. आणि का कोण जाणे, थोडं वाईटही.

आठवड्याने आकडे साहेबांपुढे गेले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"पाणचक्कीची वाट... बावन्न मिनिटं? नकाशा माणसांसाठी काढताय की मुंग्यांसाठी?"

सगळं कार्यालय हसलं. त्याचे कान लाल. माझी नजर माझ्याच चपलांवर.

"पुन्हा मोजा," साहेब म्हणाले. "आणि या वेळी वेगवेगळे!"

मी एकटी गेले. न पळता, शहाण्यासारखी चालले. एकोणीस मिनिटं. आणि तीही संपता संपेनात. पाणचक्कीशी पोचून मी मागे वळून बघितलं, कुरकुर ऐकू आल्यासारखं वाटलं म्हणून. कोणी नव्हतं.

त्या आठवड्यात मी संग्रहालय विचारणाऱ्या जोडप्याला धोबीघाटावर पाठवलं. जेवताना भाकरीचा तुकडा हातातच राहायचा. "भिंगरी पायातून डोक्यात गेली वाटतं," वहिनी म्हणाली.

आणि मग, ज्याची वाट बघून डोळे शिणले होते ते पत्र आलं. निवड झाली होती. नाचायला हवं होतं. मी ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.

त्याच दुपारी तो पूर्ण झालेला नकाशा द्यायला आला. "पाच मिनिटं पुलावर याल?"

पुलावर आम्ही कठड्याला टेकलो. मग एकदमच –

"मला पत्र आलंय."

"मलाही... आधी तुम्ही."

"नाही, तुम्ही."

त्याने घसा साफ केला. "याच नदीच्या वरच्या खोऱ्याचं काम मिळालंय. दोन वर्षांचं. मागून घेतलं मी. एका जागी दोन वर्षं, आयुष्यात पहिल्यांदा."

"का?"

"का ते... तुम्हाला माहीत आहे."

मी पर्स उघडली. पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने ते दोनदा वाचलं. ओठांवरचं हसू तिथेच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं.

"कधी?"

"सोमवारी हजर व्हायचंय." खालून नदी नुसती धावत होती. "थांब म्हणा ना मला."

"नाही म्हणणार."

"का पण?"

"कारण तुम्ही थांबाल. आणि मग जन्मभर खिडकीतून माझ्याकडे रागाने बघाल."

मला रडू येत होतं आणि संतापही. "मला जायचंय! आणि मला तू हवा आहेस. दोन्ही. एकदम. जमेल तुला?"

'तू' कधी आलं, मला कळलंच नाही. त्याला कळलं.

"पुन्हा म्हण."

"काय, जमेल का?"

"त्याच्या आधीचं."

"एकदा ऐकायला कान नव्हते?"

"कान होते गं... विश्वास नव्हता." आणि त्याने कठड्यावरच्या माझ्या हातावर हात ठेवला. "जमवू."

वहिनीने सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "जो राहायला आला त्याला टाकून तू निघालीस! बरं, रोज जेवायला धाड त्याला इकडे. तू येईपर्यंत पारखून ठेवते."

रविवारी सकाळी बसथांब्यावर आई, वहिनी आणि तो. आई डोळे पुसत होती, वहिनी डबा कोंबत होती. तो खिडकीखाली येऊन उभा राहिला, अगदी हरवल्यासारखा.

"मला हे येत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"निरोप देणं. प्रत्येक गावातून आजवर मीच निघालो. मागे राहणाऱ्याने करायचं काय असतं?"

"हात हलवायचा, वेड्या."

बस सुटली. त्याने हात हलवला. मग दोन पावलं बसबरोबर चालला, मग चार, मग चक्क पळायला लागला, हात तसाच हलवत.

"अहो, चढा तरी नाहीतर थांबा तरी!" वहिनी मागून ओरडली.

तो चढला.

कंडक्टरने वरपासून खालपर्यंत बघितलं. "कुठलं तिकीट?"

"या जातात तिथलं."

"आणि परतीचं?"

"तेही द्या. उद्या मला कामावर जायचंय."

बसमधलं कोणीतरी खुदकन हसलं. मी शेजारच्या सीटवरचा डबा उचलून मांडीवर घेतला आणि त्याला जागा करून दिली.