सयाचं अक्षर

बुधवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास एक बाई प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. कपाळावर घाम, पायात धुळीनं माखलेल्या वहाणा, छातीशी घट्ट धरलेली कापडी पिशवी. तिनं विचारलं, "बर्मी वाचायचं यंत्र हितंच हाय का?"

दिलशाद कॉम्प्युटरसाठी कार्डं पंच करत बसली होती. तिचे हात थांबले.

यंत्र इथं नव्हतंच. ते पुण्यात होतं. सांगलीच्या या कॉलेजात होते ते लाड सर आणि त्यांचा नाद. हातानं लिहिलेली बर्मी अक्षरं कॉम्प्युटरला ओळखता आली पाहिजेत, असं त्यांनी दोन वर्षांपूर्वी, शहात्तर साली, डोक्यात घेतलं होतं. सगळं कॉलेज त्यांना हसायचं. सर शांतपणे सांगायचे, बर्मी अक्षरं बहुतेक गोल असतात, कुठला गोल कुठं तुटलाय एवढं यंत्राला कळलं की काम झालं. आणि लिहिणारी माणसं तर आपल्याच भागात आहेत. युद्धात ब्रह्मदेशात अडकलेले जुने फौजी आहेत, चौसष्ट साली रंगूनहून हाकलून दिलेली कुटुंबं आहेत.

दिलशाद अशाच कुटुंबातली. दहा वर्षांची असताना ती अब्बांबरोबर बोटीनं आली. अब्बा, म्हणजे हुसेन टेलर, रंगूनला शिवायचे तसेच आता गणपती पेठेत शिवत होते.

"यंत्र नाही, पण मी वाचते," दिलशाद म्हणाली. "बसा मावशी."

बाईचं नाव रंगूबाई, गाव पलूसजवळचं. नवरा नाथाजी, पलटणीतून सुटून आलेला. काल पहाटे तो कुणाला न सांगता घरातून निघून गेला होता. नानासोनं, म्हणजे सरांच्या संशोधन सहायकानं, बाईंना ओळखलं आणि लगबगीनं पाण्याचा तांब्या आणला. दोन महिन्यांपूर्वी नाथाजींचा नमुना घ्यायला तोच त्यांच्या घरी गेला होता.

रंगूबाईंनी पिशवीतून दोन पत्रं काढली. दिलशादनं पहिलं उघडलं आणि मराठी करत वाचलं.

*तू गेलास. मी नदीवर राहिलो. मला पाणी नाही. मी आलो आहे.* खाली सही: सया बा.

दुसरं आणखी छोटं होतं. *तुझे घर मी पाहिले. तुझा नातू मी पाहिला.*

"तिसरं परवा आलं," रंगूबाई म्हणाल्या. "ते त्यांनी खिशात घातलं. दिसभर जेवलं न्हाईत. नातवाला अंगणात सोडंनात. मी इचारलं, कुणाचं हाय ओ? तर म्हनलं, अक्षर सयाचं हाय. म्या वळखलं. मेल्यालं मानूस लिवतंय."

"सया म्हणजे गुरुजी," दिलशाद हळूच म्हणाली. "पण हे सया कोण?"

रंगूबाईंना ठाऊक नव्हतं. बत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं हे नाव कधी काढलं नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की शुक्रवारी तासगावच्या कोर्टात नाथाजींची साक्ष होती. ऊस तोडणाऱ्या एका बाईला ट्रकनं चिरडलं होतं आणि ते बघणारा माणूस एकच होता. त्यांचा धनी.

लाड सरांनी पोलिसांना फोन केला. फौजदार मोहिते तासाभरात आले. त्यांना बर्मी येत नव्हतं आणि येत नाही याचा रागही आला होता. त्यांनी दिलशादला समोर बसवलं.

"सांगलीत हे लिहिता कुणाला येतं?"

"आमच्यासारखी दोन-तीन घरं आहेत."

"त्यात नाथाजीला ओळखणारं कोण?"

 दिलशाद खरं ते बोलली. "माझे अब्बा. ते दोनदा त्यांच्या मळ्यावर गेले होते. नुसत्या गप्पा मारायला. बर्मी बोलायला इथं दुसरं आहे कोण?"

"पत्रावर शिक्का सांगलीचा आहे, पोरी."

दुपारी हुसेन टेलर चौकीत होते. कापडाचं माप अर्धवट टाकून त्यांना उठवून नेलं होतं. आपल्याच तोंडानं आपण बापाला अडकवलं, हे दिलशादच्या मनातून जाईना. नाथाजी कुठं मेला-बिला तर अब्बा बाहेर येतच नाहीत, हेही तिला कळत होतं. ती तशीच चौकीच्या पायऱ्या चढली.

अब्बांनी गजाआडून पत्र वाचलं आणि त्या स्थितीतही नाक मुरडलं. त्यांचं म्हणणं, हे लिहिणाऱ्याला बर्मी येतच नाही. कुणी मोठा माणूस असं लिहीत नाही. ही पहिलीच्या पुस्तकातली वाक्यं आहेत. फौजदार म्हणाले, मुद्दाम तसं लिहिलं असेल.

गुरुवारी सकाळी सात वाजता दिलशादनं लाड सरांच्या घरी जाऊन किल्ली मागितली. सर सदरा घालत घालतच तिच्याबरोबर निघाले.

प्रयोगशाळेतल्या कामाची एक रीत होती. नानासो गावोगाव जाऊन फॉर्म भरून आणायचा. वर नाव, वय, बर्मी कुणाकडून शिकलात ते, आणि खाली चौकोनांत अक्षरं. मग तो प्रत्येक अक्षर ट्रेसिंग पेपरवर उतरवायचा. तिरपं असेल तर उभं करायचा, लहानमोठं असेल तर सगळ्यांसारखं एका मापाचं करायचा आणि मधोमध टाचणी टोचून आलेख कागदावर बसवायचा. अक्षराची रेघ आली तो चौकोन एक, कोरा राहिला तो शून्य. हे आकड्यांचे तक्ते दिलशादकडे यायचे आणि ती कार्डांना भोकं पाडायची. मूळ फॉर्म कपाटात जायचे. ते तिनं कधी पाहिलेही नव्हते.

आज तिनं चाळीसच्या चाळीस फॉर्म टेबलावर मांडले आणि इथंच राहिलेलं एक पत्र शेजारी ठेवलं. पत्रातलं अक्षर एकाशीही जुळेना. अब्बांच्या फॉर्मशी तर मुळीच नाही. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि मान हलवली.

मग दिलशादनं रोजचं काम केलं. डोकं चालेनासं झालं की माणूस हाताला सवय असते तेच करतो. तिनं पत्रातलं एक अक्षर आलेख कागदावर ठेवलं, चौकोन भरले आणि कार्ड पंच करायला बसली. तिसऱ्या ओळीला तिची बोटं अडखळली. पुढची ओळ काय आहे हे बोटांना आधीच ठाऊक होतं. हे अक्षर तिनं पूर्वी पंच केलं होतं.

पुण्याहून छापून आलेल्या कागदांचा गठ्ठा तिनं उपसला. तिथं कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर फुल्या-फुल्यांनी छापून पाठवायचा. सतराव्या नंबरवर ती थांबली. फुलीला फुली जुळत होती.

सतरा नंबर म्हणजे नाथाजी.

"म्हणजे त्यांनी स्वतःच स्वतःला पत्रं लिहिली?" सर म्हणाले.

दिलशादनं सतरा नंबरचा फॉर्म हातात घेतला. त्यावरची अक्षरं डावीकडं पडलेली होती, वाऱ्यात झुकलेल्या पिकासारखी. पत्रातली सगळी ताठ उभी. तिनं पत्र उचलून खिडकीच्या उजेडात धरलं आणि एकेक अक्षर न्याहाळलं. मग तिनं सरांना विनंती केली की फौजदारांना बोलवा, रंगूबाईंनाही बोलवा, आणि तोवर कुणाला काही सांगू नका.

दहा वाजता सगळे जमले. नानासो नेहमीसारखा आला. शुक्रवारच्या रजेचा अर्ज त्यानं सोमवारीच दिला होता, घरच्या कोर्टाच्या कामासाठी म्हणून. आज त्यानं सर्वांसाठी चहा मागवला. फौजदार दारापाशी उभे राहिले. त्यांचा चेहरा सांगत होता की पोरीटोरींच्या शब्दाखातर आपण इथं आलोय.

 दिलशादनं रंगूबाईंकडं पाहून सुरुवात केली.

"मावशी, काकांच्या उजव्या हाताला काही झालंय का?"

"मनगाटात गोळी लागल्याली. ब्रम्हदेशात. तवापास्नं अक्षर असं कलंडतंय त्यांचं."

"साहेब, हा काकांचा फॉर्म. अक्षरं डावीकडं पडलेली. हे पत्र. तीच अक्षरं, तीच वळणं, पण ताठ. काकांना ताठ लिहिता येत नाही. अब्बांनी नक्कल केली असती तर त्यांना सापडली असती ती पडलेली अक्षरं. काकांचं उभं केलेलं अक्षर जगात एकाच ठिकाणी आहे. इथल्या ट्रेसिंग पेपरवर."

फौजदार दारापासून टेबलाशी आले.

"पत्रात हे एक अक्षर सहा वेळा आलंय. सहाही वेळा केसाचा फरक नाही. माणूस आपली सहीसुद्धा दोनदा सारखी करत नाही. हे लिहिलेलं नाही, खाली ट्रेसिंग ठेवून गिरवलंय. लहानमोठं अक्षर एक नाही, सगळी एका मापाची. आणि पत्र उजेडात धरा."

फौजदारांनी धरलं. प्रत्येक अक्षराच्या मधोमध सुईएवढं भोक होतं.

"ट्रेसिंग बसवताना मधे टाचणी टोचायची, ही आमच्या कामाची रीत. पत्र लिहिताना तिची गरज नव्हती. पण दोन वर्षं हाताला तीच सवय. ट्रेसिंगचं काम इथं एकच माणूस करतो. अब्बांच्या दुकानात बसून तो बर्मीची चार सोपी वाक्यं शिकला होता आणि इथं येऊन माझ्यावर झाडायचा. सयांचं नाव काकांनी बायकोला सांगितलं नाही, पण फॉर्मवर लिहून दिलंय. 'कुणाकडून शिकलात' या रकान्यात. हा फॉर्म भरून घेताना काकांसमोर कोण बसलं होतं, मावशी?"

रंगूबाईंनी नानासोकडं पाहिलं. "ह्योच. दुपारभर बसला हुता. आमचं मालक रडत हुतं त्याच्याम्होरं. मला वाटलं, पोरगं मायाळू हाय."

नानासो उठला. दारात हवालदार होता, म्हणून पुन्हा बसला.

"तो ट्रक कुणाचा?" फौजदारांनी विचारलं.

नानासो म्हणाला, "थोरल्या भावाचा. तोच चालवत होता."

"म्हातारा कुठं आहे?"

"मला त्यांना मारायचं नव्हतं, साहेब. नुसतं शुक्रवारपर्यंत लांब ठेवायचं होतं. लोणंद स्टेशनवर थांब, मी गाडीनं येतोय, कुणाला सांगितलंस तर तुझ्या घरी येईन, असं लिहिलं होतं."

"आणि अक्षर उभं का केलंस?"

"ट्रेसिंगं त्यांचीच हाताशी होती. मूळ अक्षर तसंच गिरवलं तर ओळखतील म्हणून उभी केलेलीच घेतली. पण ते सयाचं म्हणतील हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, नुसत्या नावालाच भितील."

हे मात्र दिलशादला रंगूबाईंनी गोळीचं सांगितलं तेव्हाच उमगलं होतं. नाथाजींना लिहायला सयांनी शिकवलं होतं. वळण त्यांचंच उचललं होतं. फरक होता तो गोळीचा. नानासोनं तिरपेपणा काढून टाकला आणि नकळत मेलेल्या माणसाचं अक्षर कागदावर आणून ठेवलं. नाथाजी घाबरला त्यात वेडेपणा काहीच नव्हता. त्यानं अक्षर बरोबर ओळखलं होतं.

पोलिसांची जीप दुपारी लोणंदला पोचली. चौकीतून सुटलेले हुसेन टेलर, रंगूबाई आणि दिलशाद मागं बसले होते. तीन दिवसांचा उपाशी म्हातारा आणि समोर रेल्वेचे रूळ, एवढंच प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं होतं.

नाथाजी फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. रंगूबाईंना पाहून तो दचकून उठला आणि म्हणाला, "तू कशाला आलीस? पोराजवळ कोन हाय?"

रंगूबाईंनी त्याचा हात धरला आणि नुसत्याच रडायला लागल्या.

हुसेन त्याच्या शेजारी बसले आणि बर्मीत सावकाश सगळं सांगत गेले. नाथाजीनं मधे एकदाच विचारलं, अक्षर तर त्यांचंच होतं ना? दिलशाद त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"काका, ते तुमचंच अक्षर आहे. हाताला गोळी लागली नसती तर तुम्ही असंच लिहिलं असतं."

नाथाजी मनगटाकडं बघत राहिला. "ही गोळी लागली तवा त्यांनीच मला शाळंत लपिवलं. तीन वरसं. जपानी हुडकत आलं तवा नदीपातुर त्यांनी पोचवलं. नावंत जागा एकाचीच हुती. म्या बसलो. ते मागं ऱ्हायलं." त्यानं मनगट चोळलं. "तीन दिस मला लय भ्या वाटत हुतं, बाय. पर परतेक गाडी आली की म्या उठून डबं बघत हुतो. राग काढंनात का, पर येऊ द्यात, असंच वाटत हुतं."

 दिलशादनं त्याचा तो हात आपल्या हातात घेतला.

पुण्याकडची गाडी आली, दोन मिनिटं थांबली आणि गेली. या वेळी नाथाजी उठला नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावर त्यानं डोक्याचा पटका सोडून नीट बांधला आणि फौजदारांना विचारलं, "तासगावला उद्या किती वाजता जायाचं?"