वाळूखालचं काचेचं मूळ

डोळे मिटा आणि पूर्णा नदीचं उन्हाळ्यातलं पात्र मनात आणा. दर्यापूरच्या बाजूचं. पाणी एका कडेला सरकून घोट्याएवढं उरलेलं, बाकी सगळी वाळू. आता त्या वाळूत हात खुपसा. वर चटका बसतो, पण कोपरापर्यंत गेलात की गार ओल लागते. त्या ओलीवर डांगरं, म्हणजे खरबुजं, पिकतात. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हा काठावरची काही कुटुंबं उन्हाळाभर पात्रातच झोपड्या घालून राहायची. वाळूत चर खणून वाडी, म्हणजे वेलींचा मळा, करायची, तळाशी खत घालायचं, वेल लावायचे आणि आभाळाकडे बघत बसायचं. फळ पिकायला आणि गारा पडायला एकच वेळ. गार लागलेलं डांगर दुसऱ्या दिवशी सडतं.

म्हणून गावात गारपगारी असायचा, गारा अडवणारा माणूस. ढग निळेकाळे झाले की तो वाडीच्या मधोमध लोखंडी पहार रोवायचा, उघड्या डोक्याने ती धरून उभा राहायचा आणि ढगांना शिव्या घालायचा. याला गार बांधणं म्हणत.

दहा वर्षांच्या शकुनच्या वाडीवर नत्थुजी गारपगारी यायचा. त्या वर्षी पहिलं वादळ उठलं तेव्हा तो गावात तापाने फणफणला होता. शकुनचा बाप देवीदास हवालदिल झाला. तेव्हा खुशाल, त्याचा धाकटा भाऊ, हसत उठला.

"पहारच तं धरायची हाय, दादा. शिव्या मले नत्थुजीहून जास्त येतात. हो का नाही, वहिनी?"

"हो माय, थे विद्या तुमाले जन्माचीच हाय," तान्ह्याला झोळीत घालता घालता शकुनची आई तानुबाई म्हणाली.

खुशालकाकाने पहार रोवली, टोपी शकुनकडे फेकली आणि वर तोंड करून ओरडला, "अबे ये ना! हिंमत असंन तं खाली ये!"

खाली आली ती वीज.

शकुनला आवाज ऐकू आला नाही. तो छातीत बसला. सगळं पांढरं झालं, मग जळक्या केसांचा वास आला. पहार जागेवर होती. काका तीन चर ओलांडून पडला होता. पायांचे तळवे फुटले होते, आणि उजव्या तळहाताचं कातडं पहारीवरच राहिलं होतं.

वाडीवर मात्र गार पडली नाही.

खुशालकाकाचा तिसरा दिवस उरकल्यावर देवीदास पहार उपटायला गेला. ती हलेना. म्हणून तो खणायला बसला, शकुन वाळू उपसू लागली. पहारीच्या टोकाला काचेचं मूळ फुटलं होतं. अंगठ्याएवढं जाड, बाहेरून खरखरीत, आतून पोकळ आणि गुळगुळीत. यात नवल नाही, मुलांनो. वीज वाळूत शिरते तेव्हा वाळू वितळते, आणि थिजताना तिची अशी नळी होते. आजही सापडतात.

पण अशी नळी खाली जाते. ही हातभर खाली जाऊन वळली होती आणि झोपडीकडे निघाली होती.

देवीदासने घण घातला. काच फुटली, एक कपची त्याच्या दंडात घुसली, रक्त वाळूत ठिबकलं. शकुनने फुटक्या तोंडात बोट घातलं. भोवतालची वाळू ओली आणि गार होती. नळी आतून कोमट होती, तोंडासारखी.

सकाळी पाहिलं तर फुटलेलं टोक मिटलं होतं, आणि त्याच्या पुढे वीतभर नवी काच होती.

दुसरं वादळ भर दुपारी आलं. सुपारीएवढ्या गारा, मग लिंबाएवढ्या. पात्रातल्या शेळ्या ओरडत पळाल्या. दोन शेळ्यांची डोकी फुटली, त्या पाय झाडत तिथेच मेल्या. शेजारच्या वाहेदची वाडी लगदा झाली. तो स्वतः डोक्यावर घमेलं धरून धावत आला, तरी कपाळातून रक्त वाहत होतं. येऊन तो थबकला.

"देवीदासभाऊ, तुमच्या वाडीत एक बी गार नाही? ये कैसा?"

वाडीच्या कडेला गारांचा ढीग लागला होता, आत एकही नव्हती. मधोमध पहार थरथरत होती. तिच्याजवळ कोणी नव्हतं.

त्या दिवसापासून देवीदासने खणणं बंद केलं. पहारीला शेंदूर लावला.

दोन दिवसांनी झोळीच्या बरोबर खाली वाळूतून काचेचं तोंड वर आलेलं दिसलं. तानुबाईने झोळी दुसऱ्या कोपऱ्यात बांधली. सकाळी तोंड तिथे होतं. ती झोळी घेऊन बाहेर, पुरात वाहून आलेल्या चिंचेच्या वाळक्या खोडापाशी गेली. तिथेही.

ताप उतरल्यावर नत्थुजी काठी टेकत आला. पहारीला त्याने हात लावला नाही.

"गार बांधनारा आपल्या मनानं सुटत नाही, देवीदास. वाडीच्या धन्यानं त्याचं नाव घेऊन 'सुट' म्हनाव लागते. मले तूच म्हनत होता ना दरसाल? खुशालले कोन म्हनलं?"

देवीदासने पहारीकडे पाहिलं. नत्थुजी पुढे म्हणाला,

"थो धरूनच हाय. आता त्याले तुयं आयकू येनार नाही. रक्ताच्या कोनी तरी त्याच्या हातातून पहार घ्याव लागन. अन् घेनाऱ्याले तू तिथंच सोडवजो, नाही तं थो अटकला. लवकर कर. थो त्या काचेतून मानूस शोधून राह्यला."

"अन् मंग गारीले कोन अडवीन?" देवीदास म्हणाला. "आठ दिवसांत डांगरं उतरतात."

"अवो, लेकरू हाय घरात!" तानुबाई ओरडली. "चला इथून!"

"एवढं पीक टाकून? तुले काही समजते काय?"

नत्थुजी थुंकला आणि गावाकडे वळला.

तिसरं वादळ त्याच दुपारी आलं.

तानुबाईने तान्ह्याला छातीशी धरलं आणि ती झोपडीच्या मधोमध उभी राहिली. तिच्या पायांजवळची वाळू उकलली, काचेचं तोंड वर आलं आणि घुमू लागलं, रांजणात कोणी श्वास सोडावा तसं. तान्हा रडायचा थांबला. मग त्याचं जावळ एकेक केस करत वर उठलं. वारा नव्हता.

शकुनने ते पाहिलं, तिला नत्थुजीचे शब्द आठवले आणि ती पहारीकडे पळत सुटली.

बाहेर गारा दगडासारख्या बसत होत्या. खांदा ठेचला, कान फाटला. वाडीत पाय पडला तशा त्या थांबल्या. ती पहारीपाशी पोचली. उजवा हात पुढे केला.

पहारीवर आधीच एक हात होता.

दिसत नव्हता. ओला होता, आणि त्याला कातडं नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "खुशालकाका, सुट."

एक बोट उचललं. मग दुसरं. शेवटचं बराच वेळ उचलेना. ते सुटलं तेव्हा वाळूखाली काच तडतडत फुटत गेली, पहारीपासून थेट झोपडीपर्यंत, आणि आतून तान्ह्याचं रडणं ऐकू आलं.

त्याच क्षणी वाडीवर गारा कोसळल्या. डांगरं फटाफट फुटली, केशरी गर वाळूवर उडाला. शकुनने पहारीवर मूठ आवळली.

गारा थांबल्या.

देवीदास धावत आला. तिच्यापासून हातभर उभा राहिला, धापा टाकत. त्याने फुटलेली पाच-सहा फळं पाहिली. मग न फुटलेली पाहिली, शेवटच्या चरापर्यंत.

"शकुन," तो म्हणाला.

पुढचं 'सुट' ऐकायला ती उभी राहिली. चारी बाजूंना गारा वाजत होत्या.

तो शब्द आला नाही. बाप तिच्याकडे बघत नव्हता.

शकुनने पाय वाळूत घट्ट रोवले आणि दुसरा हातही पहारीवर ठेवला.