रिकाम्या गाडीचं ओझं

शेगडीत एक ओंडका टाका आणि जरा जवळ सरका, म्हणजे मला घसा ताणावा लागणार नाही. जेवताना तुमच्यातल्या कोणीतरी विचारलं ना, डिझेल पिकअपला वेगळे मीटर बसवून घेण्यात काही अर्थ आहे का? आहे. का आहे ते ऐका. ऐकून झाल्यावर मात्र मला शंका विचारू नका, ऐका आणि झोपायला जा.

लाइल हॉगन तुम्हाला माहीत आहे. टेन स्लीप गावात डिझेलच्या पंपामागे ज्याचं गॅरेज आहे, तो. मेकॅनिक चांगला, आणि टाळाटाळ करण्यात त्याहून चांगला. गेल्या नोव्हेंबरात, दहा तारखेला, सोमवारी सकाळी त्याने फळीवरचा धूळ खाल्लेला एक खोका खाली काढला. आत तीन मीटर होते. एक इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब दाखवणारा, एक धुराची उष्णता दाखवणारा आणि एक गिअरबॉक्सच्या तेलाचा. खोका त्याच्या धाकट्या भावाचा, व्हर्नचा. ज्या पिकअपला ते बसवायचे होते तीही व्हर्नचीच. व्हर्नला जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

शनिवारी व्हर्नची मुलगी टेसा ती गाडी न्यायला येणार होती. ती घाटापलीकडे बफेलोला राहते. हिवाळाभर तिला त्याच गाडीमागे घोड्यांचा ट्रेलर लावून तो घाट चढायचा-उतरायचा होता. मीटर बसवल्याशिवाय किल्ली देणार नाही, असं लाइलने तिला फोनवर सांगून टाकलं होतं. हे काम त्याच्या हातून एकदा राहून गेलं होतं. ते दुसऱ्यांदा राहिलं असतं तर त्याला पोरीला तोंड दाखवता आलं नसतं.

राहून कसं गेलं, तेही सांगतो. व्हर्नने तो खोका आणला तेव्हा उन्हाळा होता.

"इंजिन कानाने ऐकायचं असतं," लाइल म्हणाला. "काटे बघत गाडी हाकतात ते सुट्टीवर आलेले लोक."

"तुझ्या कानांचं मला नको सांगू," व्हर्न म्हणाला. "तुझा टीव्ही मला माझ्या घरात ऐकू येतो. मीटर बसव गपचूप."

पुढच्या आठवड्यात बसवतो, म्हणाला लाइल. मग गवताची कापणी आली. मग शिकारीचा हंगाम आला. नोव्हेंबरच्या तेरा तारखेला, रात्री, व्हर्न दोन घोड्या ट्रेलरमध्ये घालून घाटाला लागला. चढावर इंजिन तापत गेलं आणि ते कळायला त्याच्यापुढे काटा नव्हता. टर्बो गेला. गाडीत फक्त रिकामं खाली उतरण्यापुरता जोर उरला. एका वळणावरच्या मोकळ्या जागेत त्याने ट्रेलरच्या चाकांना दगड लावले. ट्रेलर तिथेच सोडायचा आणि खाली येऊन मदत घेऊन जायची, असा त्याचा विचार असावा. बर्फ पडायला लागलं होतं.

सकाळी बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्याला तो सापडला. घोड्या जिवंत होत्या, एकीच्या पाठीवर त्याचा कोट होता. व्हर्न ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या दांड्यापाशी गुडघ्यांवर बसलेला, गारठून गेलेला, जॅकचा हँडल हातात. दिव्यांची वायर काढलेली, साखळ्या सोडलेल्या. जॅकचा गोल पाया जमिनीपासून चार बोटं वर राहिला होता. तेवढे चार-दोन फेरे बाकी होते, मग पाया टेकून ट्रेलर गाडीवरून सुटला असता. हे चार बोटांचं शेरीफने फक्त लाइलला सांगितलं. लाइलने फक्त मला.

तर सोमवारी काम सुरू झालं आणि सोमवारीच नाट लागला. एग्झॉस्टच्या बिडाच्या नळीला भोक पाडून झालं, पण आत आटे पाडायचा टॅप कडकन तुटला आणि तुकडा आतच बसला. तो काढण्यात दिवस गेला. मंगळवारी वायरी आत घेण्यासाठी पत्र्यातून वाट काढताना त्याच्या मनगटाची सालटी निघाली. पुढच्या काचेशेजारच्या खांबावर मीटरची चौकट बसवताना एक स्क्रू डॅशबोर्डच्या फटीत गेला आणि तो अजून तिथेच आहे. लाइल गाडीला, ती बनवणाऱ्याला आणि त्याच्या सात पिढ्यांना शिव्या घालत होता. राग खरं तर कोणावर होता ते मला दिसत होतं. दोन वर्षांपूर्वी एका दिवसात झालं असतं हे काम.

मंगळवारी संध्याकाळी तिन्ही काटे हलले. लाइल गाडी फिरवायला निघाला. मागे काही नाही, रस्ता सपाट, म्हणजे धुराची उष्णता सहाशे अंशांच्या आसपास हवी. काटा हजारावर गेला. दाबाचा काटाही वीसच्या वर. मागे काहीतरी अवजड बांधलेलं असावं, तसे.

बुधवारी त्याने अर्थिंग बदललं. काटे तसेच. मग तो माझ्याकडे आला आणि माझ्या पिकअपमधले उष्णतेचा आणि दाबाचा असे दोन्ही मीटर काढून घेऊन गेला. माझ्याकडे ते सहा वर्षं शहाण्यासारखे चालले होते. व्हर्नच्या गाडीत बसले आणि तेही हजार, तेही वीस. त्याने पाना जमिनीवर असा आपटला की उडून दिवा फुटला.

मी शेजारी बसून त्याच्याबरोबर दोन फेऱ्या मारल्या. एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी ती बोललो. बोलायला नको होतं, असं नंतर वाटलं. पश्चिमेला, वॉरलंडच्या बाजूला गेलं की काटे बरोबर. तोंड घाटाकडे केलं की चढतात.

"समोरचा वारा असेल," लाइल म्हणाला.

वारा नव्हता.

गुरुवारी त्याने माझेच मीटर ठेवून सगळी जोडणी पहिल्यापासून केली. रात्री सव्वानऊला तो एकटाच निघाला. एकदाचा घाट चढून बघतो, म्हणाला, काय तो निकाल लागू दे. तेरा तारीख आहे हे त्याच्या ध्यानात नव्हतं, असं तो म्हणतो.

चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार होता. कडेला आदल्या आठवड्याचं बर्फ होतं, रस्ता कोरडा. गावाबाहेर पडताच काटा हजार. चढ लागला तशी गाडी आपणहून खालच्या गिअरवर आली. मग आणखी खालच्या. दाब अठ्ठावीस. उष्णता साडेबाराशे. रिकामी गाडी, आणि पाय पूर्ण दाबूनही तिचा वेग ताशी पन्नास मैलांवरून तीसवर आला, तीसवरून पंधरावर. काटे खोटं बोलत नव्हते. तीन दिवस तो ज्यांना शिव्या देत होता ते खरंच सांगत होते. गाडी काहीतरी ओढत होती.

व्हर्नच्या वळणावर तिने दम टाकला. लाइलने ती मोकळ्या जागेत घेतली. दहा वाजायला पाच मिनिटं होती.

तापलेला टर्बो लगेच बंद करायचा नसतो, हे तुम्हाला सांगायला नको. उष्णता तीनशेच्या खाली येईपर्यंत इंजिन चालू ठेवून बसायचं. आपल्याकडे घरात ताट वाढलेलं असतं आणि माणूस अंगणात गाडीत बसून काट्याकडे बघत असतो. दोन-तीन मिनिटांचं काम. लाइल बसला.

पाच मिनिटं झाली. काटा साडेबाराशेवर.

दहा झाली. साडेबाराशे.

बंद करावी तर टर्बो जाणार, शनिवारी पोरीला काय देणार? न्यावी तर नेणार कशी? डिझेल पाव टाकी उरलं होतं. लाइलने स्टिअरिंगवर मूठ आपटली.

"बसवले ना रे, व्हर्न," तो म्हणाला. "उशीर झाला, कबूल आहे. माझीच चूक. पण बसवले ना. आता आणखी काय करू?"

...

इंजिन घुरघुरत होतं.

मग त्याचं लक्ष समोर गेलं. हेडलाइटचा उजेड रस्त्यावर नव्हता. झाडांच्या शेंड्यांवर होता. मागे ट्रेलरचा भार पडला, गाडीचा मागचा भाग दबला की नाक वर होतं... तसा.

तो उतरला. मागे गेला.

कोणी नव्हतं. काही नव्हतं. ट्रेलर अडकवायचा लोखंडी गोळा, आणि पलीकडे बर्फ. पण बंपर वीतभर खाली होता. स्प्रिंगा दबलेल्या. त्याने त्यांच्यावर हात ठेवला.



मग त्याला ती चार बोटं आठवली.

तो बर्फात गुडघ्यांवर बसला. एकसष्ट वर्षांचा माणूस. गोळ्यापासून हातभर मागे, जिथे दांड्यावर जॅक असतो तिथे, त्याने हवेत मूठ वळली. आणि फिरवायला लागला. कोणी बघत असेल तर, अशी लाज वाटली. तरी फिरवत राहिला.

एक फेरा.

दोन.

तीन... हाताला काही लागत नव्हतं.

चौथ्याला जड लागलं.

पाचवा फेरा त्याने दोन्ही हातांनी मारला. मागे स्प्रिंग करकरली. बंपर वर आला. हळूहळू... वीतभर. समोर झाडांवरचा उजेड खाली उतरला आणि रस्त्यावर येऊन थांबला.

लाइल रांगत केबिनपर्यंत गेला. काटा खाली येत होता. नऊशे. सहाशे. चारशे. तीनशेच्या खाली गेला तेव्हा त्याने किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. मग डोकं स्टिअरिंगवर टेकून रडला. दोन वर्षांत पहिल्यांदा, असं त्याने मला सांगितलं.

रात्री साडेबाराला तो माझ्या दाराशी आला. मीटर परत द्यायला, म्हणाला.

शुक्रवारी आम्ही व्हर्नच्या खोक्यातले मीटर पुन्हा बसवले. घाटाकडे तोंड केलं, सहाशे. वॉरलंडकडे केलं, सहाशे. शनिवारी टेसा आली. लाइलने तिला किल्ली दिली, तीनशेची गोष्ट तीनदा बजावली, आणि तिला घाटापर्यंत सोबत म्हणून आम्ही दोघं माझ्या गाडीत मागे निघालो. त्या रात्रीचं तिला कोणीही सांगितलं नव्हतं. तरी बापाच्या वळणावर तिने गाडी कडेला घेतली आणि उतरली. दर खेपेला उतरायची म्हणे.

"काका," तिने हाक मारली, "इथे कोणी ट्रेलर सोडला होता का?"

आम्ही गेलो. बर्फावर लाइलच्या गुडघ्यांच्या खुणा होत्या. त्याच्या बुटांच्या होत्या. ट्रेलरच्या चाकांची एकही नव्हती, घोड्याच्या टापेची नव्हती. गुडघ्यांच्या खुणांपुढे मात्र बर्फात एक गोल खड्डा होता, बशीएवढा, काठ कापल्यासारखे, भार पडून खालची खडीसुद्धा दबलेली.

टेसाने हातमोजा काढला आणि खोली बघायला त्यात बोटं आडवी धरली.

चार बोटं. बरोबर.