गालाचा रंग

मोबाइल खाली ठेवा आधी. ही ऐकीव थाप नाही, माझ्या जिवलग मित्राच्या घरी घडलेलं सांगतोय. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून आम्ही त्याला पेंटरच म्हणायचो. पुढे छापील फलक आले आणि त्याचं काम बसलं. बायको आधीच गेलेली, घरात सहा वर्षांची लेक. म्हणाला, आता माणसांची चित्रं काढायला शिकतो, पोटापाण्याचं बघायला हवं.

त्याच्या गुरुजींनी एका जुन्या, नावाजलेल्या चित्राची छापील प्रत दिली. खिडकीशी बसलेली बाई. म्हणाले, "हिची हुबेहूब नक्कल कर. रंगसुद्धा हिच्यातूनच घ्यायचा, इकडचा तिकडचा नाही."

नऊ वर्षं झाली. बारा जानेवारी, मंगळवार. रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. नाक-डोळे झकास उतरले होते. गाडी अडली गालापाशी. छापील प्रत विटलेली, त्यात बाईचा गाल नुसता राखेसारखा. सकाळी तर गुरुजींना दाखवायचं होतं. शेजारी लेक झोपलेली, गाल कसे गुलाबी. यानं तिच्याकडे बघून रंग कालवला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खोटं नाही.

पहिला हात दिला. सुरेख. पुन्हा लेकीकडे बघितलं, पुन्हा हात दिला.

तिसऱ्यांदा बघितलं तर पोरगी जरा फिकी वाटली. दिव्यामुळे असेल, म्हणाला. चित्रातली बाई मात्र... आत्ता बोलेल अशी.

चौथ्यांदा बघितलं.

लेकीचा गाल राखेसारखा.

हात लावला. गार. हाक मारली... नाही. हलवलं... नाही. श्वास ऐकायला खाली वाकला.

खोलीत श्वास होता. पण मागून येत होता.

"मग?"

थांब रे धाकट्या. सांगताना माझ्याच अंगावर काटा येतो.

मग त्यानं सुरी घेतली आणि बाईचा गाल खरवडला. पार कापडापर्यंत. मागचा श्वास थांबला... आणि पोरगी खोकली. "बाबा, पाणी." तिला कुशीत घेऊन तो उजाडेपर्यंत रडत बसला.

लेक आता पंधराची आहे, धडधाकट. खरवडलेला रंग त्यानं एका डबीत ठेवलाय, टाकायची छाती होत नाही. तेलरंग फार तर महिनाभरात वाळतो. हा अजून ओला आहे. रोज सकाळी, लेक उठायच्या आधी, तो झाकण काढून त्याला बोट लावून बघतो. मलाही एकदा लावायला दिलं.

कोमट होता.