कोपराचा वास

प्रयोगशाळाप्रमुख डॉ. मंदाकिनी टिल्लूंचा सकाळपासून नुसता जळफळाट चालला होता. काल-परवापर्यंत त्यांच्या हाताखाली परीक्षानळ्या धुणारी हर्षला घरत आज वास घालवणारं स्वतःचं यंत्र, ‘गंधपाश’, घेऊन गंधसुरक्षा प्रयोगशाळेत उभी होती, आणि सगळे तिच्याभोवती गोळा झाले होते. त्याला मंजुरी मिळाली की घराघरांतून बाईंचा ‘गंधशामक’ हद्दपार होणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. या धुसफुशीत सकाळी घरी दूध करपलं. धूर दिसेपर्यंत ना बाईंना पत्ता, ना सासूबाईंना.

चाचणीच्या खोलीत सुके बोंबील भाजले होते. गंधपाश सुरू झाला. थोड्या वेळाने गंधपरीक्षक आत जाऊन आले.

“बोंबील? छे, मागमूससुद्धा नाही!” श्रीरंग खांबेटे म्हणाले. उभा जन्म नाकाच्या जिवावर पोट भरलेला माणूस तो.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. “वास गेला कशावरून? तो घालवायचे दोन मार्ग. एक, हवेतले गंधकण पकडायचे. दुसरा, नाकातले गंधग्राहकच झोपवायचे. मग बोंबील तिथेच, नाक तेवढं बहिरं! अशा घरात गॅस गळला तर कळणार कसं?”

“मी कण पकडते, मॅडम,” हर्षला शांतपणे म्हणाली. “आत छिद्रजाळी आहे. नाकाच्या वाटेला मी जातच नाही.”

“तोंडाने काय, कुणीही बोलेल!”

गंधपरीक्षकांची एक रीत असते. खोलीत जाण्याआधी ते आपल्याच कोपराची खळगी हुंगतात. ओळखीच्या वासाने नाक ताळ्यावर येतं. बाईंनी तीच रीत उलटी फिरवली. “आता बाहेर येऊन हुंगा. नाक बहिरं झालं असेल तर स्वतःचाही वास येणार नाही. मीही येते आत.” गंधशामकाच्या चाचणीत हे कुणालाच सुचलं नव्हतं. बाईंनाही नाही.

सगळे आत जाऊन बाहेर आले. खांबेटेंनी कोपर नाकाशी नेलं. “घाम. आणि खोबरेल तेल.” बाकीच्यांनाही आपापला वास आला.

बाईंनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. काही नाही! त्यांचा आनंद गगनात मावेना. “बघा! मला काहीच येत नाही! झालं ना नाक बहिरं? सांगत नव्हते मी?”

हर्षलाने विचारलं, “मॅडम, आत जाण्याआधी हुंगलं होतंत?”

नव्हतं. प्रमुखांनी कशाला हुंगायचं?

खांबेटे उठले आणि न वापरलेले बोंबील बाहेरच्या शेगडीवर भाजून ताटलीत घेऊन आले. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. बाई ताटलीवर वाकल्या, अगदी जवळ. वाफ चेहऱ्याला लागली, तेवढंच.

“घरी कोणतं यंत्र आहे, मॅडम?” हर्षलाच्या आवाजात विजय नव्हता. त्याचाच बाईंना जास्त राग आला.

“माझंच,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून. प्रत्येक खोलीत.” मग त्यांना सकाळचं दूध आठवलं, आणि त्यांनी घरी फोन लावला.

“आई, काडी ओढू नका! आधी खिडक्या उघडा, ते यंत्र बंद करा, मग गॅसची नळी बघा.”

“अगंबाई, एवढं घाबरायला काय झालं?” सासूबाई हसल्या. “आत्ता चहाच टाकत होते. घरात कसला म्हणजे कसलाच वास नाहीये.”