ज्येष्ठापर्यंत

"हरिहरला कशाला गेली होतीस?"

हालम्मांनी हे विचारलं तेव्हा नीलांबिका भाकरी थापत होती. तिचा हात परातीत तसाच थांबला. कोट्रेश पाटावर जेवायला बसला होता. त्यानं मान वर केली नाही, पण त्याचाही घास ताटातच राहिला, आणि नवऱ्याचा तो थांबलेला घास नीलेला सासूच्या प्रश्नापेक्षा जास्त लागला... म्हणजे मायलेकांचं याविषयी आधीच बोलणं झालेलं होतं!

"हरिहरेश्वराला नवस बोलले होते, अत्ते," ती हळूच म्हणाली. सासूला ती अत्ते म्हणे, कोट्रेश आईला अव्वा.

"दोनदा? आणि दोन्ही वेळा घरात न सांगता?"

नवस म्हटल्यावर कशाचा, हे तिघांनाही कळत होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, दोनदा कूस उजवता उजवता राहिली होती, आणि या घरात त्या गोष्टीचा उच्चार कधी नावानं होत नसे. हालम्मांचा स्वर थोडा खाली आला. "देवाला जायचं तर उजळ माथ्यानं जावं," एवढंच म्हणून त्या उठल्या. कोट्रेशनं मात्र ताट तसंच सरकवलं आणि भट्टीकडे निघून गेला. पाठमोऱ्या नवऱ्याकडे पाहताना नीलेला वाटलं, धावत जावं, त्याचा हात धरावा आणि सगळं सांगून टाकावं... पण सांगून काय होणार होतं? तोही याच कोंडीत येऊन पडला असता.

दावणगेरेच्या भट्ट्यांच्या वस्तीत हालम्मांची भट्टी जुनी. नवरा गेल्यावर कडेवरच्या कोट्रेशला घेऊन त्या बाईनं तापल्या वाळूत साळ भाजून मंडक्की, म्हणजे चुरमुरे, फोडले होते. धुरानं डोळे अधू झाले, हातांची कातडी जळली, पण भट्टी विझू दिली नव्हती. आता तिथं घरं बांधू पाहणारे लोक वरचेवर येऊन किंमत विचारत. हालम्मा त्यांना पाणीसुद्धा विचारत नसत. "माझी चिता पेटेल तेव्हाच ही भट्टी विझेल," त्या म्हणत, आणि ते केवळ बोलणं नव्हतं, हे नीलेला ठाऊक होतं.

कार्तिकात हालम्मांच्या छातीत कळ आली. हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या, मोठं ऑपरेशन झालं. सगळ्या घराचा मिळून एकच आरोग्य विमा होता. तो त्या एका दुखण्यात पुरता खर्ची पडला. त्या दिवसांत सासूची वेणीफणी, न्हाऊमाखू, रात्रीचं जागरण, सारं नीलेनं केलं. घरी आणल्यावर हालम्मांना खाटेवर टेकवता टेकवता कोट्रेश दमल्या हसण्यानं म्हणाला होता, "विमा संपला बरं का. आता ज्येष्ठात नवा होईपर्यंत या घरात कुणी आजारी पडायचं नाही."

तो गमतीत बोलला होता. हालम्माही हसल्या होत्या. नीलेनं मात्र ते वाक्य पदराच्या गाठीत बांधून ठेवलं, कारण आजारी ती त्या आधीपासूनच होती.

महिन्यातले निम्मे दिवस अंगावरून जात होतं. ओटीपोटात दगड बांधल्यासारखं जड वाटे. गावात कुणी ओळखीचं भेटेल म्हणून ती तपासायला हरिहरला गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की गर्भाशयात गाठ आहे. आता काढली तर पिशवी वाचेल, पुढं मूलही होऊ शकेल. वाट पाहिली तर मात्र हमी देता येणार नाही.

मूल होऊ शकेल! हा शब्द उराशी धरून ती एसटीत बसली होती, आणि दावणगेरे यायच्या आतच तो आनंद विझून गेला होता. विमा संपलेला. घरातलं असेल नसेल ते सासूच्या औषधपाण्यात गेलेलं. ऑपरेशन करायचं तर एकच वस्तू विकण्याजोगी होती, आणि ती विकल्याचं कानावर पडताच अत्तेंच्या नुकत्या शिवलेल्या छातीचं काय होईल, हे कुणी वैद्यानं सांगायची गरज नव्हती. त्यांच्या मनाला धक्का पोचता कामा नये, असं तर डॉक्टरांनी दहादा बजावलं होतं. आपल्या कुशीसाठी ज्या बाईची भट्टी विझवायची, तिलाच अग्नी द्यायची वेळ आली तर?

तेव्हा ज्येष्ठापर्यंत थांबायचं, असं तिनं एकटीनंच ठरवलं. विमा नवा झाला की सांगायचं. चार-सहा महिने तर काढायचे... बाई जात काय काय काढते!

पण ते महिने सरेनात. भट्टीच्या आचेसमोर उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येई, म्हणून ती काहीबाही निमित्त काढून घरात थांबू लागली. "सुनेला धुराचा कंटाळा आला," हालम्मा शेजारणींना सांगत, आणि भिंतीपलीकडून ते शब्द नीलेच्या कानी पडत. कोट्रेश जवळ आला की ती आक्रसून जाई. पहिल्यांदा त्यानं विचारलं, मग विचारणंही सोडलं आणि खाट पडवीत नेऊन टाकली. हरिहरचं कळल्यापासून तर तो तिच्याशी कामापुरतंच बोले. त्याच्या मनात काय आलं असेल, याचा विचार करतानाही तिला शरमेनं मेल्यासारखं होई. खरं बोलावं तर घर मोडतं, गप्प राहावं तर संसार मोडतो! चारी बाजूंनी लिंपून घेतलेल्या कणगीतल्या दाण्यासारखी ती त्या घरात होती. वारा नाही, उजेड नाही, आणि कुजायला सुरुवात झालेली.

उगादीला हालम्मांनी कडुलिंब-गूळ तिच्या हातावर ठेवला आणि तिचे पांढरेफटक तळवे पाहून क्षणभर थांबल्या. "जेवत नाहीस का गं?" त्यांनी विचारलं. किती दिवसांनी त्या स्वरात माया होती! नीलेच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण त्याच वेळी हालम्मांचा हात सवयीनं छातीवरच्या व्रणाकडे गेला, आणि नीलेनं तो गूळ शब्दांसकट गिळून टाकला.

चैत्र संपता संपता ती भट्टीतच कोसळली. साळीची पाटी डोक्यावरून सुटली, दाणे सगळीकडे पांगले, आणि त्या दाण्यांखाली रक्त पसरत गेलेलं कोट्रेशनं पाहिलं.

तिला शुद्ध आली ती दवाखान्यात. एका हाताला रक्ताची पिशवी लावलेली होती. डॉक्टर सांगत होते की आजच ऑपरेशन करावं लागेल. गाठ फार वाढली आहे, पिशवी आता ठेवता येणार नाही. कोट्रेश भिंतीला टेकून उभा होता. नीलेनं सगळं ऐकून घेतलं आणि कोरड्या ओठांनी म्हणाली, "आज नको. ज्येष्ठात करू."

डॉक्टरांनी तिला वेड्यात काढलं. ज्येष्ठ बघायला तुम्ही असणार नाही, असं ते स्पष्टच म्हणाले आणि नवऱ्याला समजवायला सांगून गेले.

"ज्येष्ठात काय आहे?" कोट्रेशनं विचारलं. त्याचा आवाज फाटला होता.

तेव्हा ती बोलली. हरिहरच्या डॉक्टरीणबाई, गाठ, भट्टी, अत्तेंची छाती, सारं थांबत थांबत सांगितलं. "विमा अत्तेंना पुरला, हेच खूप झालं. मी थांबू शकत होते... म्हणून थांबले."

कोट्रेश तिच्याकडे पाहतच राहिला. मग काहीतरी आठवावं तसा त्याचा चेहरा बदलला, आणि तो बाहेर गेला. बराच वेळ तो आला नाही. आला तेव्हा तो तिच्या पायथ्याशी, खाली फरशीवर बसला. पलंगावर बसायचं त्याला धैर्य झालं नाही.

"पैसे आहेत," तो म्हणाला. "ऑपरेशन विम्यात होईल."

"संपला ना तो?"

"संपलेला परत भरतो." तो खाली पाहत सांगू लागला. दोन वर्षांपूर्वी विमा नवा करताना वीरभद्रमामांनी, म्हणजे त्यांच्या एजंटानं, थोडे जास्त भरून एक वरची सोय घ्यायला लावली होती. मूळ रक्कम पूर्ण संपली, तर त्याच वर्षात एकदा ती पुन्हा तेवढीच भरून मिळते. "अव्वाला त्याच हृदयाच्या दुखण्यासाठी ती चालली नसती. पण घरातल्या दुसऱ्या माणसाला, दुसऱ्या दुखण्याला चालते. आता खाली खिडकीवर विचारून आलो. मामांनाही फोन केला."

नीलेनं छताकडे पाहिलं. पंखा फिरत होता.

"कधीपासून भरलेली आहे ती?"

खोटं बोलायला त्याला जागा होती. आजच मंजूर झाली, असं सांगितलं असतं तर तिनं विश्वास ठेवला असता, आणि जन्मभर तो विश्वास तिला सुखानं झोपू देणारा ठरला असता. नीलेला त्याच्या चेहऱ्यावरची ती उलघाल दिसत होती.

"अव्वाचं बिल चुकतं झालं, त्या दिवसापासून," तो म्हणाला.

म्हणजे हरिहरहून एसटीत बसली होती तेव्हाही... उगादीला गूळ गिळला तेव्हाही!

"तुम्हाला माहीत होतं?"

"ऐकलं होतं. नीट समजून घेतलं नव्हतं. मग विसरून गेलो."

"आणि मला?"

कोट्रेशनं दोन्ही हातांत तोंड लपवलं. "तुला कशाला सांगायचं, असं वाटलं. तुला त्यातलं काय कळणार, असं..."

ती रडली नाही, रागावलीही नाही. "करा ऑपरेशन," एवढंच म्हणाली आणि तिनं भिंतीकडे तोंड वळवलं.

ऑपरेशन झालं. ती वाचली. पण त्यानंतर ती कुणाशी बोलेना. नर्सनं विचारलं तर मान हलवी. कोट्रेश पाणी पाजे, ती पिई, तो डोळे पुसत उभा राही, तिच्या डोळ्यांत काहीच येत नसे. जणू पोटातून काढून नेलं त्याच्याबरोबर तिचा आवाजही नेला होता.

हालम्मांना त्यानं सारं सांगितलं. जी बाई धक्का सोसणार नाही म्हणून एवढं झालं होतं, ती ते ऐकून कोसळली नाही. उठली, लुगडं बदललं, आणि काठी टेकत दवाखान्यात आली. डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती.

त्या पलंगावर बसल्या. नीलेचा हात हातात घेतला.

"मला न विचारता माझा जीव एवढा महाग कुणी केला?" हालम्मा म्हणाल्या. "भट्टी माझीच होती ना गं? मी विकली असती. तू एकदा सांगून तर बघायचं होतंस."

ऑपरेशननंतर नीला पहिल्यांदाच बोलली. "तुम्ही म्हणाला होता... चिता पेटेल तेव्हाच..."

"म्हातारी काहीही बोलते. आणि शेजारणींपाशी मी तुझ्याबद्दल काय काय बोलले..." त्यांनी नीलेचा हात आणखी घट्ट धरला. "मला एकच लेक होता म्हणून मी आगीत उभी राहिले. तुला तोही..."

"अत्ते," नीला म्हणाली, "ती डॉक्टरीण म्हणाली होती, होईल म्हणून. मूल होईल म्हणाली होती."

आणि मग इतके महिने कोंडून ठेवलेलं रडं फुटलं. टाके ताणत होते, नर्स धावत आली, गप्प करा म्हणाली. पण हालम्मांनी तिला हातानंच थांबवलं. सुनेचं डोकं त्यांनी आपल्या छातीशी घेतलं, अगदी त्या व्रणावर. गप्प हो, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. कोट्रेश दाराशी उभा होता. त्या दोघींत शिरायचा आपल्याला अजून अधिकार नाही, हे त्याला कळत होतं.

रडं ओसरलं तेव्हा हालम्मांनी लेकाला आत बोलावलं. "ते विम्याचे कागद उद्या इथं घेऊन ये. काय मिळतं, काय मिळत नाही, सगळं हिला वाचून दाखव. मलाही. कळत नाही तोवर पुन्हा वाच."

कोट्रेशनं मान हलवली. तो नीलेकडे पाहत होता, तिनं एकदा तरी पाहावं म्हणून. ती लगेच पाहणार नव्हती... त्या पाहण्याला वेळ लागणार होता, कदाचित फार. पण थोड्या वेळानं, मिटल्या डोळ्यांनीच, ती म्हणाली, "आणि ज्येष्ठाच्या आत अत्तेंना पुन्हा काही झालं, तर काय होतं, ते मामांना विचारून या."

हालम्मांनी भाकरीचा तुकडा चटणीत बुडवला आणि तिच्या तोंडाशी धरला.

"आधी हे खा," त्या म्हणाल्या.

नीलेनं तोंड उघडलं.